अनेक हातांची एक भिंत: वस्तीचं चित्र वस्तीनेच कसं रंगवायचं

फिलाडेल्फिया शहरात १९८४ पासून आजवर चार हजारांहून जास्त भित्तिचित्रं झाली. त्यातली बरीच तीन-चार मजली उंच आहेत, आणि ती रंगवणाऱ्यांतली पुष्कळ माणसं परांचीवर कधी चढलीच नाहीत. शाळेतली मुलं, म्हातारी माणसं, तुरुंगात जन्मठेप भोगणारे कैदी यांनी टेबलाशी बसून ती कापडाच्या तुकड्यांवर रंगवली, आणि ते तुकडे मग भिंतीवर चिकटवले. हे कसं जमतं, सामान काय लागतं, कुठे बिघडतं आणि आपल्या पावसात, आपल्या भिंतींवर त्यातलं काय टिकेल, ते इथे सांगायचं आहे. पण रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीवर काय येणार हे कोण ठरवणार, याचा निकाल लागायला हवा. वस्तीचा मान राखणारं चित्र आणि वस्तीवर आणून चिकटवलेलं चित्र यांतला फरक तिथेच पडतो.

आधी कुणी केलं

१९६७ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या दक्षिण भागात, ४३ वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या मोडकळीला आलेल्या एका इमारतीवर कृष्णवर्णीय चित्रकार आणि छायाचित्रकारांच्या गटाने 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' रंगवली. संगीत, नाटक, खेळ, साहित्य, धर्म, राजकारण असे भाग पाडून त्यांनी माल्कम एक्स, मुहम्मद अली, नीना सिमोन, कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स अशी माणसं तिथे आणली. रोज अपमान पचवणाऱ्या वस्तीने आपल्या मानाची माणसं आपल्याच कोपऱ्यावर उभी केली, आणि त्या भिंतीपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेतल्या शहराशहरांत अशा भिंती रंगू लागल्या. याच भिंतीचा दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. गटातल्या वादातून एका चित्रकाराचा भाग पांढरा फासला गेला आणि तो दुसऱ्याने नव्याने रंगवला. 'रंगवलेलं बदलायचं असेल तर कोण ठरवणार' हे आधी ठरलेलं नसलं की असंच होतं. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली आणि पुढे ती पाडून टाकण्यात आली.

लॉस एंजेलिसमध्ये ज्युडिथ बाका यांनी टुहुंगा वॉश या पूरनियंत्रणाच्या सिमेंटच्या कालव्याची भिंत घेतली. १९७६ ते १९८३ या काळातल्या उन्हाळ्यांत चारशेहून जास्त तरुणांनी मिळून २,७५४ फूट लांबीचं चित्र रंगवलं. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात ज्यांना जागा मिळाली नव्हती अशा लोकांचा तो इतिहास आहे. काम उन्हाळ्यातच, कारण तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि कालवा पाण्यासाठीच बांधलेला आहे. मुलांना कामाचे पैसे मिळत होते. ही बाब किरकोळ वाटते, पण गरीब घरातला मुलगा सगळी सुट्टी फुकट राबेल असं धरून चालणारा उपक्रम शेवटी खात्यापित्या घरातल्या मुलांचाच होतो.

फिलाडेल्फियाचा कार्यक्रम महापौर विल्सन गुड यांच्या काळात सुरू झाला, तो भिंतींवर बेकायदा नावं फवारणाऱ्या मुलांना वळण लावण्यासाठी. चित्रकार जेन गोल्डन यांना त्यासाठी नेमलं. या मुलांच्या हाताला रेषा येते, फक्त भिंत त्यांची नसते, हे लक्षात घेऊन त्यांनी मुलांनाच भित्तिचित्रांच्या कामाला लावलं. तिथल्या भिंतींचंही एक खास कारण आहे. शहरातली घरं एकमेकांना चिकटून रांगेत बांधलेली. त्यातलं एखादं पाडलं की शेजारच्या घराची आंधळी बाजू उघडी पडते: खिडकी नाही, गिलावा धड नाही, समोर रिकामा प्लॉट. वस्ती ओस पडत चालल्याची रोज डोळ्यांसमोर असलेली खूण. चित्र नेमकं तिथे चढवलं गेलं. (पुढे वस्तीला भाव आला, त्या प्लॉटवर इमारत उभी राहिली, की तेच चित्र तिच्याआड कायमचं जातं. भिंत निवडताना समोरच्या जागेचं काय होणार आहे, हे विचारून घ्या.)

काय रंगवायचं, कुणी ठरवायचं

किमान तीन बैठका धरा. पहिलीत चित्रकाराने काहीच दाखवायचं नाही, फक्त ऐकायचं. दुसरीत दोन-तीन कच्चे आराखडे ठेवायचे. तिसरीत पक्का, रंगीत, मापातला आराखडा, आणि त्यावर शेवटचा होकार. बैठक एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी दुपारी ठेवा. फक्त संध्याकाळी ठेवली तर स्वयंपाकाच्या वेळेमुळे बायका येत नाहीत आणि दुसऱ्या पाळीचे कामगारही सुटतात.

'तुम्हाला चित्रात काय हवं?' असं विचारलं की मोर, सूर्योदय आणि झाडं वाचवा एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. इथे सगळ्यात आधी राहायला कोण आलं, कुठून, कशासाठी? इथल्या माणसांच्या हाताला कुठलं काम येतं? कुठली जागा आता राहिली नाही? पाहुण्याला आधी काय दाखवता? संकटात कुणाच्या दारात जाता? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: आपल्याबद्दल बाहेरचे लोक काय बोलतात, आणि त्यातलं काय खोटं आहे? या प्रश्नांतून गिरणीचा भोंगा, पाण्याच्या टाकीवरची रांग, पापड लाटणाऱ्या बायकांचा गट, दहीहंडीचं पथक, रात्रीबेरात्री दार उघडणारी परिचारिका असं काहीतरी निघतं. असं चित्र दुसऱ्या कुठल्याही वस्तीत नेऊन लावता येत नाही, आणि आराखडा जमला की नाही हे तपासायची खरी कसोटी हीच.

मुंबईत घाटकोपरजवळ असल्फाच्या टेकडीवरची घरं २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी रंगवली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला 'मुंबईचं पोसितानो' म्हटलं. रंग आनंदाचे होते आणि पुष्कळांनी जीव लावून काम केलं. पण एखादी वस्ती इटलीतल्या गावासारखी दिसते म्हणून सुंदर ठरत असेल, तर तिच्या स्वतःच्या मोलाबद्दल आपण काहीच बोललेलो नसतो. मेट्रोच्या खिडकीतून चित्र कसं दिसतं यापेक्षा पाण्याची कळशी घेऊन पायऱ्या चढणाऱ्या बाईला ते कसं दिसतं, हे आधी पाहावं.

माणसांचे चेहरे हा नाजूक विषय. जिवंत माणसाचा चेहरा घ्यायचा तर त्याची लेखी संमती, गेलेल्याचा असेल तर घरच्यांची. निवडणुकीला उभं राहणाऱ्याचा चेहरा नको, हा नियम पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर करून टाका. नंतर करायला गेलात तर तो कुणातरी एकाविरुद्ध केलेला नियम होतो. महापुरुषांचं चित्र खालच्या चार-पाच फुटांत कधीही घेऊ नका. तिथे लोक टेकतात, सायकली लागतात, पाण्याचे शिंतोडे उडतात, आणि रंग उडालेला चेहरा हा वस्तीच्या जिव्हारी लागणारा अपमान होतो. खालच्या पट्ट्यात नक्षी, अक्षरं, पानं, भांडी असं काहीतरी घ्यावं, जे कुणालाही सहज दुरुस्त करता येईल.

कागदपत्रं

भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी, सोसायटी असेल तर तिचा ठराव, सार्वजनिक भिंत असेल तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयाचं पत्र. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय रंगवलेलं कितीही सुंदर असलं तरी तक्रार होऊ शकते. करारात एवढं तरी असू द्या: चित्र किमान किती वर्षं ठेवायचं, भिंत पाडायची किंवा दुरुस्त करायची झाली तर किती दिवस आधी कळवायचं, देखभाल कुणाची, आणि चित्राच्या फोटोंचा धंद्यासाठी वापर कोण करू शकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क कलाकाराकडे असतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं काशाचं भित्तिशिल्प काढून टाकलं गेलं, त्या खटल्यात २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाईही द्यायला लावली. वस्तीच्या चित्रात हा हक्क एकट्या चित्रकाराचा की वस्तीच्या समितीचाही, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

भिंतीची तपासणी

भिंत पाहायची ती भर पावसात. ऑगस्टमध्ये तिच्यासमोर उभं राहिलं की ओल कुठून येते, पन्हळ कुठे फुटली आहे, वरच्या कठड्यावरून पाणी कसं उतरतं, सगळं दिसतं. जानेवारीत तीच भिंत कोरडी ठणठणीत असते आणि सगळ्यांना फसवते.

मग ऑक्टोबरमध्ये चार चाचण्या. तळहात जोरात फिरवा. पांढरी पूड लागली तर वर चुना, डिस्टेंपर किंवा मेलेला जुना रंग आहे. तो खरवडून काढल्याशिवाय काहीही लावू नका, कारण नवा रंग चुन्याला धरतो आणि चुना भिंतीला धरत नाही. दुसरी: लाकडी दांड्याने ठोका, पोकळ वाजलं तिथला गिलावा सुटलेला आहे, तो फोडून नव्याने करावा लागेल. तिसरी: दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक चारही कडा चिकटपट्टीने बंद करून दिवसभर लावून ठेवा, आतून घाम दिसला तर भिंत ओली. चौथी: जुन्या रंगावर ब्लेडने फुली मारून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा, रंगाचे तुकडे निघाले तर तो रंग काढायचाच.

भिंतीवर पांढरे क्षार फुलले असतील तर लगेच पाणी मारू नका. पाण्यात क्षार विरघळून परत आत जातात आणि वाळताना पुन्हा वर येतात. आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या, ओलीचं मूळ बंद करा, मग पुढचं. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून, बुरशीनाशक लावून, धुऊन पूर्ण वाळवा. नवा सिमेंटचा गिलावा निदान २८ दिवस सुकू द्यावा. ताजा गिलावा इतका अल्कधर्मी असतो की काही रंग त्यावर विटतात आणि पापुद्रे सुटतात. बाहेरच्या भिंतीला आतल्या कामाची लांबी (पुट्टी) वापरू नका. पहिल्या पावसात ती फुगते. भेगा बाहेरच्या कामासाठीच्या ॲक्रिलिक भरणीने भरा, आणि मग बाहेरच्या प्रायमरचा एक पूर्ण हात.

वेळापत्रक असं बसतं: दुरुस्ती ऑक्टोबर-नोव्हेंबर, रंगकाम डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या उन्हात भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच वाळतो.

आराखडा मोठा करणं

समजा भिंत २० फूट रुंद आणि १५ फूट उंच, म्हणजे ३०० चौरस फूट. आराखडा १ इंचाला १ फूट या मापात काढा. कागदावर तो २० इंच बाय १५ इंच येईल. त्यावर ५-५ इंचांचे चौकोन पाडले की आडवे ४ आणि उभे ३, असे १२ चौकोन होतात. प्रत्येक चौकोन म्हणजे प्रत्यक्षात ५ फूट बाय ५ फूट. फिलाडेल्फियातही साधारण याच मापाचे तुकडे वापरतात, कारण टेबलाच्या चारही बाजूंनी हात मधोमध पोचतो.

चौकोनांना अ१, अ२, ब१ अशी नावं द्या, आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे नाव व वरच्या बाजूला बाण काढा. ही खूण करायची राहून गेली तर भिंतीपाशी पानांच्या गर्दीचा तुकडा उलटा लागतो, आणि ते गोंद वाळल्यावर कळतं.

रंगांचा हिशोब आराखड्यावरूनच होतो. बाहेरच्या भिंतीचं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं. आकाश चित्राचा चौथा हिस्सा असेल, तर ७५ चौरस फुटांना दीड लिटरच्या आसपास. वाट्यांत, ब्रशांत वाया जाणारा धरून दोन लिटर बनवा. प्रत्येक छटा एकदाच, पुरेशी, झाकणाच्या डब्यात बनवायची. कमी पडली म्हणून नंतर कालवलेली छटा पहिलीशी कधीच जुळत नाही, आणि तो ठिपका भिंतीवर दुरून दिसतो. वीस ते तीस छटांत उत्तम चित्र होतं. पन्नास घेतल्या की डबे सांभाळण्यातच दिवस जातो.

रंगद्रव्यं निवडताना ऊन लक्षात ठेवा. लोखंडाच्या ऑक्साइडचे पिवळे-तांबडे-तपकिरी, फ्थॅलो निळा आणि हिरवा, काळा हे उन्हात टिकतात. चमकणारे फ्लुरोसंट रंग एका उन्हाळ्यात उडतात. स्वस्त गुलाबी, जांभळे आणि लिंबू-पिवळेही लवकर फिके पडतात. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर ऊन जास्त. उत्तरेच्या भिंतीवर रंग टिकतो, पण आपल्याकडे तिथेच शेवाळ धरतं.

कापडाची युक्ती

आता मूळ तंत्र. चित्र थेट भिंतीवर न रंगवता कापडावर रंगवायचं आणि मग ते कापड भिंतीवर चढवायचं. अमेरिकेत याला पॅराशूट कापड म्हणतात, पण बाजारात तंबू-जॅकेटसाठी मिळणारं पॅराशूटचं नायलॉन घेऊ नका. त्यावर रंग धरत नाही. लागतं ते न विणलेलं, पातळ पॉलिएस्टर. शर्टाच्या कॉलरमध्ये शिंपी घालतात त्या पेस्टिंगच्या जातीचं, मात्र इस्त्रीने चिकटणारा थर नसलेलं. ते धाग्यांचं विणलेलं नसल्यामुळे कापलं तरी उसवत नाही, रंग आतपर्यंत जिरतो आणि वाळल्यावर ते भिंतीच्या खडबडीतपणावर घट्ट बसतं. चांगलं चढवलं तर हात लावूनही कापड आहे हे कळत नाही.

या कापडाने काय साधलं ते पाहण्यासारखं आहे. बर्फाच्या दिवसांतही फिलाडेल्फियात काम चालू राहिलं. परांचीचं भाडं महिन्यांवरून दिवसांवर आलं. ग्रॅटरफोर्डच्या तुरुंगातले कैदी, ज्यांना ती भिंत प्रत्यक्ष कधीच दिसणार नव्हती, तेही शहराच्या चित्रात हात घालू शकले. गुडघे दुखणारी आजी आणि चाकाच्या खुर्चीतला मुलगा एकाच टेबलाशी आले. माझ्या मते या साध्या कापडाने सार्वजनिक कलेत जेवढी माणसं आणली, तेवढी कुठल्या भाषणाने आणली नाहीत.

एक तुकडा जवळून पाहू. तुकडा ५ फुटांचा, पण कापड चारही बाजूंनी एकेक इंच जास्त कापलेलं. खाली पॉलिथिन पसरलेलं, कारण रंग कापडातून खाली उतरतो आणि टेबलाला चिकटतो. कापडावर प्रायमरचा एक पातळ हात. वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत ते भिंतीला टाचून, प्रोजेक्टरने आराखड्यातला तेवढाच चौकोन त्यावर पाडून, पेन्सिलीने प्रत्येक आकाराची कड काढलेली. प्रत्येक आकारात छटेचा क्रमांक: ७, १२, ३. हे आकडे मार्करने कधीही लिहू नका. मार्करची शाई ॲक्रिलिकमधून वर येते आणि महिन्याभराने आकाशात १२ दिसायला लागतो. समोर झाकणवाल्या वाट्या, प्रत्येकीवर तोच क्रमांक आणि रंगाचा एक ठिपका, म्हणजे आकडे न वाचता येणारालाही जुळवता येतं.

एका तुकड्याभोवती चार माणसं, दीड तासाची पाळी. बारा तुकडे एकाच वेळी मांडले तर एका पाळीत ४८ जण. आधी मोठे आकार, एक इंची चपट्या ब्रशने. मग अर्ध्या इंचीने कडा. नवखी माणसं दोन चुका हमखास करतात. रंग जाड थापतात, त्यामुळे गुंडाळताना तो तडकतो. किंवा पाणी घालून इतका पातळ करतात की खालची पेन्सिल दिसत राहते. 'दुधावरच्या पातळ सायीइतका थर' असं सांगून उपयोग होत नाही. एक नमुन्याचा तुकडा करून टेबलाशी टांगून ठेवा. वाळलेलं ॲक्रिलिक कपड्यातून जात नाही, हे बोलावणं पाठवतानाच कळवा. कुणाचा आकार रेषेबाहेर गेला म्हणून त्याच्यादेखत पुसू नका. कडा नीट करणं हे नंतर चित्रकाराच्या चमूचं काम, आणि त्यासाठी दर तुकड्यामागे दोनेक तास धरलेले असावेत.

चेहरे मात्र चित्रकाराने स्वतः करावेत किंवा शेवटी स्वतः हात फिरवावा. एका चेहऱ्याला सात-आठ छटा लागतात. इथे एक खबरदारी: कालवताना सावळ्या त्वचेचा रंग नकळत उजळ होत जातो, सावली पुरेशी गडद करायला हात धजत नाही. वाळलेला ठिपका प्रत्यक्ष माणसाच्या हाताशी धरून पाहा. वस्तीचा मान राखायला निघालेल्या चित्रात वस्तीतली माणसं गोरी करून ठेवणं अक्षम्य आहे.

तुकडे पूर्ण वाळल्यावर पॉलिथिनवरून सोडवा. घडी घालू नका. रंगाची बाजू बाहेर ठेवून, मध्ये प्लॅस्टिकचा थर देऊन गुंडाळा. रंगाला रंग टेकला की उकाड्यात दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना पापुद्रे निघतात.

भिंतीवर चढवणं

भिंतीवर ओळंबा आणि लेव्हल लावून ५ फुटांच्या चौकोनांचं सूत मारून घ्या. सुताला खडूची पूड लावा, गेरू किंवा नीळ नको. तिचा डाग वर येतो. जमीन उताराची असली तरी पहिली रेघ लेव्हलनेच. जमिनीकडे बघून मारलेली रेघ पहिल्या तुकड्याला अर्धा इंच चुकली, तर चौथ्याला दोन इंच चुकते.

चिकटवायला बाहेर टिकणारं ॲक्रिलिक जेल लागतं. सुतारकामाचा पांढरा गोंद वापरू नका. पाण्याने तो पुन्हा मऊ पडतो, आणि पहिल्या जोराच्या सरीत सांधे उघडतात. जेल किती जाईल हे भिंतीच्या खडबडीतपणावर ठरतं. म्हणून आधी एक फुटाचा तुकडा लावून मोजा आणि त्यावरून खरेदी करा. काम सावलीत असेल त्या वेळी, नाहीतर जेलवर साय धरते आणि कापड वरवर बसतं.

तीन माणसांचं काम. एकजण रोलरने भिंतीवर जेल लावतो, दुसरा कापडाच्या मागे, तिसरा कापड रेघेला धरून वरून सोडतो. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढायची. बुडबुडा राहिला तर ब्लेडने बारीक चीर द्या, जेल आत सारा, दाबा. खालच्या रांगेपासून वर चढा, म्हणजे वरच्या तुकड्याची कडा खालच्यावर येते आणि पाणी सांध्यात न शिरता ओघळतं. वरून सांडलेलं जेल ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसा. सगळ्या कडांवर जेलचा आणखी एक हात, आणि वाळल्यावर सांध्यांवर रंगाची डागडुजी. जेल ओलं असताना दुधी दिसतं, वाळलं की पारदर्शक होतं. तीन-चार दिवसांनीही कुठे दुधी चट्टा दिसत असेल तर मागे ओल अडकली आहे. तिथे वरचं पारदर्शक आवरण लावायची घाई करू नका. ते आवरण शेवटी, दोन पातळ हातांत. एकच जाड हात दिला तर चित्रावर धुकं आल्यासारखं दिसतं.

कापड उखडतं ते बहुधा वरच्या कडेपासून. कठड्यावरून उतरलेलं पाणी मागे शिरतं आणि पूर्ण तुकडा फुग्यासारखा सुटतो. म्हणून चित्राच्या वर पाणी बाहेर फेकणारी पत्र्याची पट्टी किंवा छोटा छज्जा हवाच. रंगावर दोन पैसे कमी खर्चा, पण ही पट्टी वगळू नका.

कापड कुठे नको

कोकणातली पश्चिमेकडची उघडी भिंत, जमिनीतून ओल चढणारी जुनी भिंत, दगडी बांधकाम, इथे कापड लावू नये. भिंतीला श्वास लागतो आणि कापड-जेलचा थर तो अडवतो. तिथे थेट रंगवा. आराखडा चढवायचा सोपा मार्ग असा: प्रायमर मारलेल्या भिंतीवर फिक्या रंगाने मनाला येतील तशी वेगवेगळी चिन्हं आणि रेघोट्या काढा, समोरून सरळ फोटो घ्या, आणि मोबाइलच्या ॲपमध्ये त्या फोटोवर आराखडा पारदर्शक करून ठेवा. चित्रातल्या प्रत्येक रेषेला जवळची कुठलीतरी रेघोटी खुणेला मिळते, प्रोजेक्टर लागत नाही. मग खालच्या सहा फुटांत क्रमांक टाकून वस्तीने रंगवायचं, वरचं परांचीवर कसलेल्या रंगाऱ्यांनी. परांचीवर हेल्मेट आणि अंगाला बांधायच्या सुरक्षापट्ट्याशिवाय कुणीही चढू नये, चित्रकारसुद्धा नाही.

नंतरचं काम

अनावरणाच्या दिवशी भिंतीच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्यांची नावं हवीत. देणगीदाराचं नाव मोठं आणि वस्तीचं बारीक, असं होऊ देऊ नका. मापं करारातच लिहा. एकूण रकमेचा दहावा भाग देखभालीसाठी बाजूला काढून ठेवा, आणि तो वस्तीतल्याच दोघांच्या सहीने निघेल असं करा.

दर पावसाळ्याआधी मे महिन्यात वरची पट्टी, पन्हळ आणि कडा तपासा. दिवाळीच्या सुमारास मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने चित्र धुवा. जोराचा पाण्याचा पंप लावू नका. प्रत्येक छटेचा पावशेर रंग हवाबंद बाटलीत, क्रमांक घालून ठेवा. त्याबरोबर एका वहीत प्रत्येक क्रमांकाचं मिश्रण, मूळ आराखडा आणि वाळलेल्या रंगाचा ठिपका चिकटवा, कारण बाटलीतला रंग दोन-तीन वर्षांत खराब होतो, वही राहते. ती वही चित्रकाराकडे नको, वस्तीच्या वाचनालयात किंवा सोसायटीच्या कपाटात ठेवा. दुरुस्ती करायला शेवटी तिथलंच कुणीतरी येणार असतं.